तुकड्याबरोबर माणसाची माहितीही पाठवा

प्रति,
पुण्यातील सर्जन, त्वचारोगतज्ज्ञ, मूत्ररोगतज्ज्ञ, स्त्रीरोगतज्ज्ञ आणि फॅमिली डॉक्टर

सप्रेम नमस्कार.

मी या शहरात हिस्टोपॅथॉलॉजी करते. तुम्ही पेशंटच्या अंगातून तपासणीसाठी काढलेला तुकडा माझ्या टेबलावर येतो, दोन-तीन दिवसांत त्याची गुलाबी-जांभळी स्लाइड तयार होते आणि तिच्यात मला जे दिसतं ते रिपोर्ट म्हणून तुमच्याकडे परत जातं. आपली ओळख बहुतेक वेळा एवढीच असते. आज मला त्या तुकड्यासोबत येणाऱ्या फॉर्मबद्दल लिहायचं आहे, आणि तेही एका आजाराच्या निमित्ताने. या आजारात फॉर्मवर दोन ओळी लिहिल्या की नाही, यावर पेशंटवर मलम लावायची वेळ येणार की सुरी चालवायची, हे ठरू शकतं. पत्र खुलं ठेवलं आहे, कारण हा आजार होणारी माणसं लाजेपोटी कुणाशी बोलत नाहीत. त्यांच्याही ते वाचनात यावं.

आजाराचं नाव बोवेनॉइड पॅप्युलोसिस. जननेंद्रियांवर, जांघेत किंवा गुदद्वाराभोवती लहान लहान उंचवटे येतात. आकार दोन-तीन मिलिमीटरपासून सेंटिमीटरभर. माथा बहुधा सपाट, कधी चामखिळीसारखा खरखरीत. गोऱ्या कातडीवर ते लालसर-तपकिरी दिसतात, आपल्याकडे बहुतेक वेळा गडद तपकिरी किंवा काळपट. सहसा दुखत नाहीत, क्वचित खाज येते. एकटादुकटा उंचवटा क्वचितच असतो, बरेच असतात आणि काही ठिकाणी एकमेकांना चिकटलेले असतात. पेशंट बहुतेक विशी ते चाळिशीतला, पुरुष किंवा स्त्री. डोळ्यांना ही साधी चामखीळ वाटते, कधी लायकेन प्लेनस हा खाजरा त्वचाविकार वाटतो, कधी नुसते तीळ. कारण बहुतांशी ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस, म्हणजे एचपीव्ही, आणि त्यातही प्रामुख्याने १६ नंबरचा प्रकार. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरला सगळ्यांत जास्त कारणीभूत असलेला हाच तो प्रकार.

खरी पंचाईत मायक्रोस्कोपखाली सुरू होते. निरोगी त्वचेत तळाच्या थरात पेशी जन्मतात आणि वर सरकताना शिस्तीत चपट्या, शांत होत जातात. विभाजन होताना दिसलं तर ते तळाशीच दिसायला हवं. बोवेनॉइड पॅप्युलोसिसच्या स्लाइडमध्ये ही शिस्त मोडलेली असते. मोठी, काळीभोर, वेडीवाकडी केंद्रकं तळापासून माथ्यापर्यंत विखुरलेली, वरच्या थरातही विभाजन चाललेलं, मधूनच अकाली केराटिन (कातडीच्या वरच्या थरातलं कडक प्रथिन) साठून लालगुलाबी झालेल्या सुट्या पेशी. फक्त तळाचा पडदा शाबूत असतो, त्याच्या खाली काही उतरलेलं नसतं. नेमकं हेच चित्र बोवेन्स डिसीजमध्ये दिसतं, म्हणजे त्वचेच्या कॅन्सरच्या अगदी पहिल्या, जागेवरच असलेल्या पायरीत. बारीक फरक पुस्तकांत दिलेले आहेत. बोवेनॉइडमध्ये वाईट पेशी चांगल्या पेशींत अधूनमधून पेरल्यासारख्या दिसतात, केसांची मुळं बहुधा या बिघाडातून वाचलेली असतात. पण दोन मिलिमीटरच्या, तिरक्या कापल्या गेलेल्या तुकड्यावर या फरकांच्या भरवशावर कुणाचं भवितव्य ठरवायला मी धजावत नाही, आणि माझ्या क्षेत्रातल्या कुणीही धजावू नये.

काही जण म्हणतात, आता इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री आहे, पी१६ करून टाका. करते मी. पेशींतली ठरावीक प्रथिनं रंगवून दाखवणारी ही तपासणी, आणि पी१६ हे त्यातलं एक प्रथिन. त्याचा उपयोग आहे: खरवडल्यामुळे, भाजल्यामुळे किंवा औषधामुळे बिघडलेल्या पेशी आणि घातक एचपीव्हीने बिघडवलेल्या पेशी वेगळ्या करायला तो मदत करतो. पण बोवेनॉइड पॅप्युलोसिस आणि एचपीव्हीमुळेच झालेला बोवेन्स डिसीज या दोन्हींत तो सारखाच गडद येतो. पेशंटच्या खिशातून पैसे जातात आणि मूळ प्रश्न जिथल्या तिथे राहतो.

तो प्रश्न सुटतो पेशंटकडे बघून. वय काय, उंचवटे किती, कुठे, किती महिन्यांपासून, रंग कसा, आधी काय लावलं, प्रतिकारशक्ती कमी करणारं काही आहे का. हे सगळं तुम्ही बघितलेलं असतं, मी बघितलेलं नसतं. या आजाराचा इतिहासही हेच सांगतो. बोस्टनच्या जॉन बोवेन यांनी १९१२ मध्ये त्यांच्या नावाच्या आजाराचं वर्णन केलं. त्यानंतर कित्येक दशकं जननेंद्रियावर असं चित्र दिसलं की ते त्याच खात्यात पडत असे. १९७७ मध्ये न्यूयॉर्कच्या कॉफ आणि बार्ट यांनी शिश्नावरच्या अशा अनेक उंचवट्यांबद्दल लिहिलं आणि हा वेगळा आजार आहे का असा प्रश्न मांडला. पुढच्याच वर्षी वेड, कॉफ आणि अॅकरमन यांनी त्याला बोवेनॉइड पॅप्युलोसिस हे नाव दिलं. पेशी कॅन्सरसारख्या दिसतात, पण माणसं तरुण आहेत, उंचवटे अनेक आहेत आणि वागणूक सौम्य आहे, ही विसंगती त्यांच्या लक्षात आली ती स्लाइड आणि पेशंट शेजारी शेजारी ठेवून बघितल्यामुळे. पुढे १९८३ मध्ये, हाराल्ड त्सूर हाउझेन यांच्या गटाने एचपीव्ही १६ शोधला त्याच वर्षी, या उंचवट्यांतही त्याचा डीएनए सापडला.

आता आपल्या फॉर्मकडे येते. हडपसरपासून पिंपरी-चिंचवडपर्यंत कुठूनही आलेला फॉर्म घ्या, साधारण असा असतो. नाव. वय, बऱ्याचदा अंदाजाने. साइट: 'प्रायव्हेट पार्ट'. क्लिनिकल डायग्नोसिस: प्रश्नचिन्ह आणि पुढे 'वॉर्ट' म्हणजे चामखीळ, किंवा 'रूल आऊट मॅलिग्नन्सी', म्हणजे कॅन्सर नाही ना ते बघा. क्लिनिकल हिस्ट्रीच्या चौकटीत आडवी रेघ. डॉक्टरांच्या नावाचा शिक्का आहे, मोबाइल नंबर नाही. तो फॉर्म ऑपरेशन थिएटरमधल्या सिस्टरने किंवा नुकत्याच लागलेल्या निवासी डॉक्टरने घाईत भरलेला असतो आणि सॅम्पल न्यायला आलेला मुलगा दारात उभा असतो. मला या घाईची कल्पना आहे. ओपीडीत बाहेर तीस पेशंट बसलेले असताना चौकट भरत बसणं जिवावर येतं, हेही समजतं. तरीही मागणं मागते आहे, कारण त्या आडव्या रेघेची किंमत मोजणारा माणूस माझ्यासमोर येऊन बसला होता.

चाकणला कंपनीत काम करणारा, अठ्ठावीस-एकोणतीस वर्षांचा, लग्नाला वर्ष न झालेला मुलगा. दुसऱ्या लॅबचा रिपोर्ट आणि स्लाइड प्लॅस्टिकच्या पिशवीत घेऊन आला होता. रिपोर्टवर एकच ओळ: स्क्वेमस सेल कार्सिनोमा इन सिटू, म्हणजे जागेवरच असलेला कॅन्सर. पुढच्या आठवड्यातली ऑपरेशनची तारीख मिळालेली. दार लोटून घेतलं आणि खाली मान घालून म्हणाला, "मॅडम, किती कापावं लागेल ते कुणी नीट सांगत नाहीये." घरी बायकोला त्याने मूळव्याधीचं ऑपरेशन आहे म्हणून सांगितलं होतं. मी स्लाइड बघितली, रिपोर्टात लिहिलेलं त्या पेशींना धरूनच होतं. मग त्याला विचारलं, असे किती आहेत? "सात-आठ असतील, दोन जरा मोठे." कधीपासून? "लग्नाच्या आधीपासून, पण वाढत नाहीत." काही लावलं होतं? तर दोन ठिकाणी काळं औषध लावून झालं होतं, आणि त्याआधी गावी कुणाच्या तरी सांगण्यावरून चुना आणि पापडखार. यातलं एक अक्षरही फॉर्मवर नव्हतं. त्याच्या सर्जनना मी फोन केला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, त्याला पुन्हा तपासलं, एका त्वचारोगतज्ज्ञांना बोलावलं. ऑपरेशन रद्द झालं, काही उंचवटे कॉटरीने जाळून काढले, बाकीच्यांना प्रतिकारशक्ती जागवणारं इमिक्विमॉड मलम दिलं. ते सर्जन वाईट नव्हते आणि स्लाइड बघणारा पॅथॉलॉजिस्टही कच्चा नव्हता. दोघांच्या मध्ये फक्त ती रिकामी चौकट होती.

त्या 'काळ्या औषधा'बद्दल थोडं थांबून लिहिते. पोडोफायलिन हे चामखिळीवर लावायचं जुनं औषध. ते पेशीचं विभाजन अर्ध्यावर रोखून धरतं. त्यामुळे लावल्यानंतरच्या काही दिवसांत बायॉप्सी घेतली तर साध्या चामखिळीतही जागोजागी अडकलेली विभाजनं आणि मरणाऱ्या पेशी दिसतात, आणि ते चित्र बोवेनॉइडसारखं, कधी कॅन्सरसारखंही भासतं. तेव्हा पोडोफायलिन लावलं असेल तर शक्य तिथे काही आठवडे थांबून तुकडा घ्या, आणि थांबता येत नसेल तर लावल्याची तारीख फॉर्मवर लिहा. तेच चुन्याचं, तेच बिब्ब्याचं. बिब्ब्याने भाजलेल्या कातडीतल्या पेशी स्वतःला सावरताना इतक्या मोठ्या आणि गडद होतात की भल्याभल्यांना चकवतात. पेशंट आपणहून हे सांगणार नाही. "घरचं काही लावलंत का?" असं रागावल्याचा सूर न येऊ देता विचारलं की सांगतो.

माझं म्हणणं हा आजार किरकोळ आहे असं नाही. बोवेनॉइड पॅप्युलोसिस काही महिन्यांत आपोआप मावळू शकतो, वर्षानुवर्षं तसाच राहू शकतो आणि थोड्या लोकांत, शेकडा साधारण एक ते तीन, पुढे खोलवर जाणारा कॅन्सर होऊ शकतो. एचआयव्ही असलेल्या, किडनी बदललेल्या, प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घेणाऱ्या आणि वयस्कर माणसांत ही भीती जास्त. माहिती दोन्ही बाजूंनी कापते. जुन्नरकडच्या साठी उलटलेल्या एका आजोबांची बायॉप्सी आली, तेव्हाही फॉर्मवर तेच दोन शब्द होते, प्रश्नचिन्ह आणि 'वॉर्ट'. प्रत्यक्षात तो एकच लालसर, मखमली चट्टा होता. औषधाच्या दुकानातून आणलेली स्टेरॉइड मिसळलेली खाजेची ट्यूब ते त्यावर कित्येक वर्षं लावत होते. तुकडा वरवरचा होता. 'वय साठीपुढे, एकच चट्टा, अनेक वर्षांपासून' एवढं जरी लिहिलेलं असतं तरी पहिल्याच दिवशी मी खोल तुकडा मागितला असता. दुसरी बायॉप्सी होईपर्यंत महिने गेले आणि तिच्यात पेशी तळाचा पडदा ओलांडून खाली उतरलेल्या होत्या. त्या तरुणाची आणि या आजोबांची पहिली स्लाइड शेजारी शेजारी ठेवली तर निव्वळ पेशींवरून मी तुम्हाला खात्रीने वेगळी करून दाखवू शकले नसते.

उपचारांत मी फार शिरत नाही, ते तुमचं क्षेत्र. क्रायो म्हणजे गोठवणं, कॉटरी, कार्बन डायऑक्साइड लेझर, इमिक्विमॉड, पेशींची वाढ रोखणारं फाइव्ह-फ्लुरोयुरॅसिल, फार तर तेवढाच भाग काढणं, आणि नंतर नियमित तपासणी, कारण हे परत येतात. माणूस तरुण, उंचवटे अनेक आणि स्लाइडमध्ये तळाचा पडदा शाबूत असेल तर रुंद कडा घेऊन अवयव कापण्याचं कारण नाही. गरोदर स्त्रीला पोडोफायलिन आणि फाइव्ह-फ्लुरोयुरॅसिल देऊ नये हे तुम्हाला ठाऊकच आहे. सिगारेट सोडायला मात्र आवर्जून सांगा, एचपीव्हीचे विकार धुरामुळे चिवट होतात.

एका गोष्टीवर मात्र मी हटून बसणार आहे: जोडीदार. नवऱ्याला बोवेनॉइड पॅप्युलोसिस निघाला आणि बायकोच्या गर्भाशयमुखाची तपासणी कुणी सुचवलीच नाही, असं आजही सर्रास होतं. तोच विषाणू तिच्यात पोचलेला असू शकतो आणि तिथे तो जास्त धोकादायक आहे. भारतातल्या बायकांत स्तनाच्या कॅन्सरखालोखाल गर्भाशयमुखाचा कॅन्सर आहे. तो होण्याआधी वर्षानुवर्षं पकडता येतो, पॅप स्मिअरने, म्हणजे तिथल्या पेशी पुसून घेऊन तपासून, किंवा एचपीव्हीच्या चाचणीने. ज्या बाईला स्वतःला हा आजार निघाला तिची तर गर्भाशयमुखासकट संपूर्ण तपासणी व्हायलाच हवी. दोघांचीही एचआयव्ही चाचणी, त्यांच्या संमतीने, सरकारी रुग्णालयातल्या आयसीटीसी, म्हणजे समुपदेशन आणि चाचणी केंद्रात मोफत होते. ती सुचवताना आवाज खाली नेऊ नका. डॉक्टर कुजबुजले की पेशंट आणखी घाबरतो.

आणि कृपा करून दोघांना समोर बसवून हे सांगा, की एचपीव्ही अंगात वर्षानुवर्षं गप्प राहू शकतो. आज उंचवटा दिसला म्हणजे कालपरवा कुणाचं पाऊल वाकडं पडलं असं सिद्ध होत नाही. मी हे मुद्दाम लिहिते, कारण रिपोर्ट हातात पडल्यावर काही घरांत डॉक्टरकडे जायच्या आधी वकिलाकडे जायची भाषा सुरू होते. इकडून तिकडून पसरणाऱ्या अर्धवट माहितीपेक्षा तुमच्या तोंडून आलेलं एक वाक्य त्या घराला सावरू शकतं. मुलाच्या आईसमोर, केबिनचं दार उघडं ठेवून, मोठ्याने निदान सांगू नका, एवढंही मला सांगावं लागू नये. पण पेशंट येऊन सांगतात म्हणून लिहिलं.

लशीचा विषय पुणेकरांपुढे काढायला तर संकोच वाटायचं काही कारणच नाही. हडपसरच्या सीरम इन्स्टिट्यूटने बनवलेल्या सर्व्हाव्हॅक या लशीला जुलै २०२२ मध्ये औषध महानियंत्रकांची परवानगी मिळाली आणि जानेवारी २०२३ मध्ये ती बाजारात आली. एचपीव्हीच्या ६, ११, १६ आणि १८ या चार प्रकारांवर ती चालते. म्हणजे साधी गुप्तांगाची चामखीळ घडवणारे दोन आणि कॅन्सरकडे नेणारे दोन. ती ९ ते २६ वयाच्या मुलींना आणि मुलग्यांनाही देता येते: चौदापर्यंत दोन डोस, पंधरापासून तीन. आलेला उंचवटा लशीने जात नाही, ती आधी द्यायची असते. मुलग्यांच्या आईवडिलांना हे कुणी सांगतच नाही. ही लस केवळ मुलींची म्हणून समजली जाते, आणि माझ्या टेबलावर मुलगे येत राहतात. फॅमिली डॉक्टरांनी धनुर्वाताच्या बूस्टरइतक्या सहजपणे हा विषय काढला तर बरंच काम होईल.

माझ्या पॅथॉलॉजिस्ट मित्रमैत्रिणींनाही दोन शब्द. २०१२ मध्ये अमेरिकेत ठरलेल्या परिभाषेप्रमाणे या स्लाइडला 'हाय ग्रेड स्क्वेमस इंट्राएपिथेलियल लीजन' (त्वचेच्या थरातच असलेला गंभीर बिघाड) म्हणणं शास्त्राला धरूनच आहे. पण ते लिहून पेन खाली ठेवू नका. खाली टीप हवी: हेच चित्र बोवेनॉइड पॅप्युलोसिसमध्ये दिसतं, वय, संख्या आणि तपासणी यांच्याशी ताडून बघावं, आत शिरकाव दिसत नाही, किंवा तुकडा वरवरचा असल्याने सांगता येत नाही. फॉर्म कोरा आला तर रिपोर्ट रोखून फोन करा. 'चोवीस तासांत रिपोर्ट' ही जाहिरात आपल्यातल्या बऱ्याच जणांनी लावली आहे. या एका निदानात अठ्ठेचाळीस तास लागले तर कुणाचंही नुकसान होणार नाही.

ज्यांच्या हातात असा रिपोर्ट आहे त्यांना सांगते. घाबरून गप्प बसू नका आणि रेल्वे स्टेशनच्या भिंतीवरच्या गुप्तरोगवाल्यांकडे जाऊ नका. लॅबमध्ये लेखी मागितलं की तुमची स्लाइड आणि तुकडा बसवलेला मेणाचा ब्लॉक मिळतो. त्यावर दुसरं मत घेता येतं, पुन्हा सुई-सुरी लावावी लागत नाही. ऑपरेशनच्या तारखेआधी एकदा त्वचारोगतज्ज्ञांना प्रत्यक्ष दाखवा, आणि काय काय लावलं ते लपवू नका.

डॉक्टर मंडळी, तुमच्याकडे मागणं तसं थोडकं आहे. वय खरं लिहा. उंचवटे एक की अनेक, जागा नेमकी कोणती, कधीपासून, आधी काय लावलं आणि केव्हा, एचआयव्ही किंवा प्रतिकारशक्तीचा प्रश्न आहे का, हे लिहा. पेशंटची हरकत नसेल तर चेहरा आणि नाव न येऊ देता त्या जागेचा एक फोटो जोडा. दहा ओळींचं काम तो करतो. तुकडा फॉर्मलिनमध्येच टाका, सलाइनमध्ये नको. आणि शिक्क्याखाली तुमचा स्वतःचा मोबाइल नंबर लिहा, रिसेप्शनचा नको. मी शक्यतो दुपारी दोन ते चारमध्ये फोन करते, तेव्हा ओपीडी नसते.

आपली नम्र,
पुण्यातील एक हिस्टोपॅथॉलॉजिस्ट